झाडाचे वय ठरवणारे रेणू : लघु आरएनएच्या शोधाची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात संत्र्याची बाग सहसा कोणी थेट बियांपासून लावत नाही. जंबेरीच्या खुंटावर फळत्या झाडाचा डोळा बांधून तयार केलेली कलमेच शेतात जातात, कारण ती साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येतात. बियांपासून वाढवलेले संत्र्याचे झाड मात्र लांब काटे धरते, सरळ उंच जाते आणि फळासाठी बरीच अधिक वर्षे थांबायला लावते. डोळा प्रौढ फांदीचा असेल तर त्यातून येणारी फांदीही प्रौढच राहते, हे रोपवाटिका चालवणाऱ्यांना अनुभवाने पक्के ठाऊक आहे. वनस्पतीला बाल्यावस्था आणि प्रौढावस्था असते, आणि दोन्हींत पानांचा आकारसुद्धा वेगळा असू शकतो, हे एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले होते. झाडाचे हे वय पेशींच्या आत नेमके कशात साठवलेले असते, या प्रश्नाला मात्र गेल्या पंचवीसएक वर्षांत उत्तर मिळू लागले. ते उत्तर अवघ्या २१ ते २४ न्यूक्लिओटाइड (म्हणजे आरएनएची एकेक अक्षरे) लांबीच्या आरएनए रेणूंपाशी जाऊन पोचते.

जनुकांच्या कामावर अंकुश ठेवणाऱ्या अशाच आखूड आरएनएच्या, म्हणजे मायक्रो-आरएनएच्या, शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कन यांना २०२४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा चर्चा मुख्यतः सूत्रकृमी आणि मानवी आजार यांचीच झाली. ती योग्यच होती. पण या विषयाचा अर्धा इतिहास वनस्पतींमध्ये घडला आहे आणि शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात तो अधिक माहीत असायला हवा, असे मला वाटते.

त्या इतिहासाची एक सुरुवात पेटुनियाच्या फुलांत आहे. कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाची आणखी एक प्रत पेटुनियात घातली. रंग गडद होण्याऐवजी अनेक झाडांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली, म्हणजे नव्या प्रतीबरोबर झाडाचे मूळचे जनुकही गप्प झाले होते. हे निरीक्षण १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास नेदरलँड्समधील एका गटालाही तेच दिसले. पुढे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमीत दाखवून दिले की दुहेरी धाग्याचा आरएनए आपल्याशी जुळणाऱ्या जनुकाला निष्प्रभ करतो. त्यानंतरच्या वर्षी इंग्लंडमधील नॉरिच येथे अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम यांना जनुक गप्प झालेल्या वनस्पतींत सुमारे २५ न्यूक्लिओटाइडचे आखूड आरएनए सापडले. हे रेणू जिथे असत तिथेच ते जनुक गप्प असे, आणि पेटुनियाच्या कोड्याची किल्ली त्यामुळे हाती आली.

याच काळात वनस्पतींच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत याच यंत्रणेचे बिघडलेले नमुने आधीच येऊन पडले होते, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याचा एक उत्परिवर्ती प्रकार १९९८ मध्ये वर्णिला गेला. त्याची पाने अरुंद, जवळजवळ दोऱ्यासारखी होती आणि त्यात बिघडलेल्या जनुकाला 'अर्गोनॉट १' हे नाव मिळाले. दुसऱ्या एका जनुकाच्या बिघाडाने फुलांत अतिरिक्त स्त्रीकेसर येत, तर त्याच जनुकाच्या वेगळ्या बिघाडाने बीजांडे किंवा भ्रूण नीट घडत नसत. म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी त्याला वेगवेगळी नावे दिली होती. हे सारे एकच जनुक, 'डायसर-लाइक १', असल्याचे नंतर उलगडले. या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांपैकी डायसर-लाइक लांब आरएनएतून आखूड तुकडे कापून काढते आणि अर्गोनॉट तो तुकडा धरून त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए (जनुकातील माहिती प्रथिन बनवण्यासाठी वाहून नेणारा रेणू) शोधते. वनस्पतींमधील मायक्रो-आरएनए २००२ मध्ये ओळखले गेले, तेव्हा पान, फूल आणि भ्रूण या तिन्हींवर एकाच बिघाडाचा परिणाम का होतो हे कळू लागले. प्राण्यांत ही जुळणी बहुधा अपुरी असते. वनस्पतींत ती जवळजवळ पूर्ण असते आणि संदेशवाहक आरएनए बहुतेक वेळा जुळणीच्या मध्यावरच कापला जातो.

आता वयाच्या प्रश्नाकडे वळू. मायक्रो-आरएनएंना क्रमांकाने ओळखतात; त्यांतला मायक्रो-आरएनए १५६ रोपाच्या लहानपणी भरपूर असतो आणि वय वाढते तसा कमी होत जातो. तो एसपीएल गटातील जनुकांना आवरून धरतो. तो ओसरला की ती जनुके मोकळी होतात, प्रौढ पाने येतात, फुलोऱ्याची तयारी सुरू होते आणि मायक्रो-आरएनए १७२ वाढू लागतो. अमेरिकेत स्कॉट पोएथिग यांच्या गटाने २००६ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये हे मांडले आणि २०११ मध्ये वृक्षांतही तोच उतार दाखवला. त्या वृक्षांमध्ये बाभळीच्या ऑस्ट्रेलियन नातलगांपैकी एक होती. अशा बाभळीच्या रोपाला आधी संयुक्त पाने येतात आणि पुढे पानांचे काम रुंदावलेले देठ करू लागतात. मक्यात हाच रेणू अतिरेकाने तयार झाला तर झाड बाल्यातच अडकते आणि खूप फुटव्यांच्या गवतासारखे दिसते.

उत्क्रांतीच्या दृष्टीने या रेणूंचा जुनेपणा थक्क करणारा आहे. पानाची वरची व खालची बाजू ठरवणारा मायक्रो-आरएनए १६६ ज्या जागी जाऊन जुळतो ती जागा शेवाळवर्गीय (मॉस) वनस्पतींपासून फुलझाडांपर्यंत, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांत, जवळपास बदललेली नाही. मायक्रो-आरएनए १५६ ही तितकाच जुना आहे, पण त्याचे काम बदलले : शेवाळात तो पानदार अवस्थेकडे नेतो, तर फुलझाडांत प्रौढपण लांबवतो. अशा काही पुराण रेणूंच्या जोडीला प्रत्येक वनस्पतिकुळात कितीतरी नवे रेणूही असतात. त्यांतले काही, ज्यांवर ते पुढे नियंत्रण ठेवतात त्या जनुकांच्याच उलट्या दिशेने दुणावलेल्या प्रतींतून जन्मलेले दिसतात. पुष्कळसे उपयोग न सापडता पुन्हा नाहीसे होतात.

पिकांच्या घडणीत मात्र रेणू बदलण्यापेक्षा तो जिथे जुळतो ती जागा बदलणे अधिक फलदायी ठरले आहे. गव्हाचे दाणे मळणीत कोंड्यापासून सहज सुटतात ते क्यू नावाच्या जनुकामुळे, आणि लागवडीखाली आलेल्या गव्हात या जनुकातील मायक्रो-आरएनए १७२ च्या जुळणीच्या जागी एका अक्षराचा फरक आहे. धानात एसपीएल १४ या जनुकाच्या अशाच जागी फरक पडलेले वाण २०१० मध्ये चीन आणि जपानमधील गटांनी स्वतंत्रपणे वर्णिले. मायक्रो-आरएनए १५६ चा अंकुश सैल झाल्याने त्या झाडांना फुटवे कमी येतात, खोड जाड होते आणि लोंबीला जास्त शाखा व दाणे धरतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात असे वाण आणायचे तर फुटव्यांची घट लोंबीतील वाढीने भरून निघते का, हे रोवणीचे अंतर आणि पाण्याची उपलब्धता बदलून तिथल्याच बांधीत तपासावे लागेल.