युद्धनृत्य

युद्धनृत्य : शस्त्र घेऊन, किंवा शस्त्र हाती असल्याच्या पवित्र्यात, तालावर आणि बहुधा समूहाने केले जाणारे नृत्य. लढाईआधी वीरश्री चढावी म्हणून ते नाचत, ही समजूत अर्धीच खरी आहे. मुख्य काम सरावाचे. पाय कुठे पडावा, वार कसा चुकवावा, हे तालात मुरले की ऐन वेळी आठवावे लागत नाही.

पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत दांडपट्टा फिरताना पाहिला की हे नीट कळते. पट्ट्याची लोखंडी खोबण कोपरापर्यंतचा हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, म्हणून पाय सतत गिरकी घेत राहतात. पाहणाऱ्याला ते नृत्य वाटते. वस्ताद मात्र त्याला ‘खेळ’च म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मानायला हवे. एकोणिसाव्या शतकात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके यांनी लहुजींकडेच शस्त्रविद्येचे धडे घेतले. 2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

लेझीम त्याहून बोलके उदाहरण. शब्द फारसीतून आलेला. मुळात लेझीम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले, तिरंदाजाच्या कसरतीचे धनुष्य. बाण गेले, साखळीत चकत्या आल्या आणि धनुष्याचे वाद्य झाले. तरी शाळेच्या मैदानावर मुले अजून ‘चार आवाज’, ‘पाव पवित्रा’, ‘आगे फलांग’ याच नावांचे हात करतात. पवित्रा हा शब्द आखाड्यातलाच.

झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगालमधल्या छाऊ नृत्याचे मूळही असेच कवायतीत सापडते. सराईकेला शैलीतल्या पायाभूत सरावाचे नाव फरीखंडा, म्हणजे ढाल-तलवार. आपल्या फरीगदगा या ढाल-काठीच्या खेळातली ‘फरी’ ती हीच. 2010 मध्ये युनेस्कोने छाऊचा समावेश मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. केरळातल्या अंबलप्पुळा मंदिराशी जोडलेल्या वेलकळीतही नर्तक ढाल-तलवार घेऊनच उतरतात.

प्राचीन ग्रीसमध्ये पायरिक नृत्य होते. वाकून, उडी मारून, बाजूला सरून वार चुकवणे हे त्याचे वर्णन प्लेटोने केले आहे. ग्रीक लेखक झेनोफनने एका मेजवानीचा प्रसंग नोंदवला आहे. हलकी ढाल घेतलेल्या एका नर्तकीने पायरिक इतके सफाईने केले, की पाहुण्यांनी ग्रीकांना विचारले, तुमच्या बायकाही लढतात का?

न्यूझीलंडच्या माओरींचा हाका रग्बीमुळे जगभर पोचला, पण प्रत्येक हाका युद्धाचा नसतो. स्वागताला, अंत्यविधीलाही तो करतात. शस्त्रांसह केला जाणारा तो पेरुपेरू. सर्वांत प्रसिद्ध ‘का माते’ 1820 च्या सुमारास ते राउपराहा या सरदाराने रचला. तो विजयाचा नाही. पाठलाग करणाऱ्यांपासून रताळ्यांच्या खड्ड्यात लपून जीव वाचल्याचा तो आनंद आहे.

पुण्यात आज ढोलपथकांचा जोर आहे. लेझमीला मात्र हलगीचा एकेक ठोका ऐकू यावा लागतो, आणि पन्नास-शंभर ढोलांच्या मागे उभ्या राहिलेल्या मुलांपर्यंत तो पोचत नाही. लेझमीच्या पथकांना मिरवणुकीत थोडे अंतर राखून जागा मिळायला हवी.