पाव टाकी दाखवून गाडी थांबली

सोलापूरहून तुळजापूरला निघालो होतो. काटा पाव टाकीवर होता आणि तामलवाडीच्या अलीकडेच आमच्या जुन्या कारने दोन आचके देऊन दम सोडला. टाकी कोरडी! मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलची वाट बघताना वडील म्हणाले, "हा मीटरच बदलून टाक." मलाही तेच वाटलं होतं, पण मीटर निर्दोष निघाला.

डॅशबोर्डवरच्या काट्याला पेट्रोल कधी दिसतच नाही, त्याला कळतो तो फक्त विजेचा प्रवाह. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा रोधाच्या, म्हणजे प्रवाहाला अडथळा करणाऱ्या, तारेवरून एक पत्ती सरकवतो. पातळी बदलली की रोध बदलतो, रोध बदलला की प्रवाह, आणि त्यानुसार काटा. हा प्रवाह परत बॅटरीकडे जातो तो गाडीच्या पत्र्यातून. त्यालाच गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. म्हणजे फ्लोट, टाकीपासून मीटरपर्यंतची तार, मीटर, अर्थिंग यांपैकी कोणीही खोटं बोललं तरी बदनाम होतो काटाच.

विजापूर रोडवरचे आमचे इलेक्ट्रिशियनकाका ऐकून घेत म्हणाले, "मीटर नंतर बघू की ओ सर, आधी टाकीवरची तार काढू." चावी बंद ठेवून त्यांनी तार सोडवली, मग चावी फिरवली. काटा थेट वर, भरलेल्या टाकीच्याही पुढे. चावी बंद करून तीच तार पत्र्याला जोडली, पुन्हा काही क्षण चावी चालू. काटा तळाला! मीटर आणि तार दोन्ही ठणठणीत, हे पाच मिनिटांत सिद्ध झालं. इतकी साधी, इतकी निर्णायक चाचणी मला फार आवडते. जोडाजोड चावी बंद असताना करायची, कारण टाकीजवळ ठिणगी नको. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, मग सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! हवेत ती साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की पेटते. बंद टाकीत वाफ सहसा याहून बरीच दाट असते, त्यामुळे आतली पत्ती धोका करत नाही. धोका असतो तो टाकी उघडल्यावर, बाहेरच्या हवेत.

आता राहिले दोन संशयित. फ्लोटला भोक पडून तो बुडाला असता तर काटा कायम रिकामी टाकी दाखवत राहिला असता. आमचं तर उलटं होतं. म्हणून अर्थिंग.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या गाड्यांचं गणित एक नसतं. काहींत रिकाम्या टाकीला 240 ओहम (ओहम हे रोधाचं माप) आणि भरलेल्या टाकीला 33 ओहम रोध असतो. काहींत उलट, रिकामीला 10 आणि भरलेलीला 180. अर्थिंगच्या जोडावर गंज चढला की त्याचा रोध यात मिळतो. समजा, गंजाने 40 ओहमची भर घातली. पहिल्या प्रकारात काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवेल, माणूस उगाच लवकर पंपावर जाईल. दुसऱ्या प्रकारात रिकामी टाकीही 50 ओहमची होईल आणि काटा पाव टाकीजवळ जाऊन बसेल. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारातली. तार काढल्यावर, म्हणजे रोध अमर्याद झाल्यावर, काटा वर गेला, तेव्हाच हे कळलं होतं.

खूण तर महिनाभर डोळ्यांसमोर होती. दिवे लावले की काटा किंचित हलायचा, कारण मागच्या दिव्यांचा प्रवाहही त्याच गंजक्या जोडातून जात होता. (इंधन आणि तापमान, दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर मात्र जुन्या गाड्यांत मीटरला स्थिर व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर तपासावा.)

काकांनी जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, नवा स्क्रू आवळला. पाच लिटर ओतल्यावर काटा हळूहळू चढला आणि पाव टाकीच्या थोडा खाली थांबला. वडील बराच वेळ वाकून त्याच्याकडे बघत होते.