टॉयलेट शेजारी असेल तरच व्यायाम होतो

ठाणे-वाशी लोकलमध्ये टॉयलेट नसतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याचे आजार असलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्यावरच ठरतो, कळ आली की पाच मिनिटंही धीर धरता येत नाही, मग उपवन तलावावर फिरायला जाणं सुटतं, जिमची फी वाया जाते, पाम बीच रोडला पळणं तर लांबच, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. आळस नाहीये तो.

या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणतात. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) वेगळं, त्यात आतड्याला सूज आणि जखमा नसतात, आयबीडीत असतात कारण शरीराची इम्युन सिस्टिमच आतड्यावर उलटलेली असते. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरतं राहतं, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो.

लोकांना कळत नाही तो यातला थकवा. फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला काळ, ओसरला, रिपोर्ट बरे आले तरी बऱ्याच जणांचा थकवा जात नाही. रक्त कमी झालेलं असतं, रात्री उठून उठून झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्यात स्टेरॉइड जास्त काळ चालले तर हाडं ठिसूळ होतात आणि स्नायूही झिजतात. म्हणजे ज्याला व्यायामाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच घराबाहेर पडणं अवघड.

स्नायू जोरात काम करायला लागले की आयएल-६ नावाचा रेणू रक्तात सोडतात. हा एरवी सूज वाढवणारा म्हणून बदनाम आहे, पण स्नायूतून थोड्या वेळासाठी आला की त्याच्या मागोमाग आयएल-१० सारखे सूज शमवणारे रेणू वाढतात, कोपनहेगनच्या बेन्टे क्लार्लुंड पेडरसन यांच्या टीमने यावर बरंच काम केलंय. पण यामुळे आतड्याच्या जखमा भरतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे औषध बंद करायचं नाही म्हणजे नाही. हाडांचं मात्र जास्त ठोस आहे. 2020 मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला, क्रोन्स आटोक्यात असलेल्या 47 जणांचा, त्यात निम्म्यांनी 6 महिने उड्या आणि वजनाचे व्यायाम केले, त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता आणि स्नायूंची ताकद वाढली. अभ्यास छोटा आहे, तरी मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

आता व्हिडिओ कॉलवरचा व्यायाम. कोविडमध्ये सगळ्यांनी केला आणि सोडून दिला, पण या लोकांसाठी तो सोय म्हणून नाही, गरज म्हणून हवा. कॅमेरा बंद करून उठून जाता येतं, कोणाला कारण द्यावं लागत नाही. सकाळी पोट जास्त बिघडत असेल तर संध्याकाळची वेळ घ्यायची. फिजिओने सुरुवातीलाच विचारायचं, आज किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, आणि त्यावरून त्या दिवसाचा व्यायाम ठरवायचा, बरा दिवस असेल तर रबरी पट्टा आणि स्क्वॉट्स, वाईट असेल तर खुर्चीत बसून हातपाय हलवणं. नुसते रेकॉर्डेड व्हिडिओ पाठवणाऱ्या अ‍ॅपला हे जमणार नाही. ताप, रक्त, जोरात पोटदुखी असेल तर व्यायाम बंद, डॉक्टरांना फोन. पोटाचं ऑपरेशन किंवा स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेली वाट) झालेल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय जड वजन उचलू नये, हर्निया होऊ शकतो.

आणि सुरू करायच्या आधी तुमच्या पोटाच्या (गॅस्ट्रो) डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, स्टेरॉइड बरेच महिने घेतले असतील तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचंही विचारा, हाडं आधीच ठिसूळ असतील तर उड्या मारायच्या की नाही हे त्यावरूनच ठरतं.