इंजिनाचा काटा नव्वदवर कसा स्थिरावला

डिसेंबर-जानेवारीत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पहाटे धुकं उतरतं आणि काही गाड्यांच्या तापमानाचा काटा पंधरा-वीस मिनिटं चालवूनही अर्ध्यावर येत नाही. ‘थंडी आहे ना’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण पणजीत जानेवारीची पहाट साधारण २० अंशांची असते. जिथे बाहेर उणे २० असतं, तिथेही धडधाकट इंजिन गरम झाल्यावर ९० अंशांच्या आसपासच चालतं. तेव्हा दोष आपल्या थंडीचा नाही, इंजिनाचं पाणी अडवणाऱ्या थर्मोस्टॅट नावाच्या झडपेचा असू शकतो.

कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून उडून जायचं, एवढंच काय ते थंड करणं. १८८८मध्ये बर्टा बेंझ मानहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार रेडिएटर आणला आणि थोड्या पाण्यात मोठं इंजिन थंड राहू लागलं.

मग उलटीच अडचण आली. थंड देशांत इंजिन तापेचना! १९०८पासूनच्या फोर्ड मॉडेल टीत, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंप नव्हताच. गरम पाणी वर, गार पाणी खाली, एवढ्यावर सगळं चाले. हिवाळ्यात लोक रेडिएटरवर घोंगडी किंवा पुठ्ठा बांधत. त्या पुठ्ठ्याचं काम आपोआप करणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. सुरुवातीच्या झडपांत लवकर उकळणारा द्रव भरलेली भात्यासारखी डबी असे. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्नेटने मेणाची गोळी वापरली: मेण वितळतं, फुगतं, दांडा सरकतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. आजही बहुतेक गाड्यांत हेच मेण आहे.

पाणी गोठू नये म्हणून पूर्वी त्यात अल्कोहोल मिसळत. मिथेनॉल ६५ अंशांलाच उकळतं, म्हणून इंजिनही कोमट ठेवावं लागे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते १९७ अंशांवर उकळतं. त्यात दाबाचं झाकण आलं आणि ८०-९० अंश निर्धास्त झाले. धुराचे नियम कडक झाले तसा आकडा आणखी वर सरकला, कारण गरम इंजिनात पेट्रोल नीट जळतं.

आपल्याकडे कुलंट, म्हणजे हे ग्लायकॉल मिसळलेलं पाणी, म्हटलं की अजून ‘बर्फाळ भागातली गोष्ट’ असं वाटतं. गोव्यात गोठण्याचा प्रश्नच नाही, पण गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं ही त्याची कामं इथेही लागतात.

अँबॅसिडर-फियाटच्या काळात अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना बॉनेट उघडून उभ्या गाड्या नेहमीच्याच. मेस्तांनी, म्हणजे गॅरेजवाल्यांनी, त्यावर उपाय काढला, झडपच काढून टाकायची. त्यांना मी दोष देणार नाही. साधं पाणी, गाळाने भरलेला रेडिएटर, आणि झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिनच जाण्याची भीती. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या त्या वेळच्या कार्बोरेटरला इंजिन कोमट असल्याचं कळतही नसे.

आताच्या गाड्यांना कळतं. पाण्याचा सेन्सर थंड सांगत राहिला की संगणक जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज घसरतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, आणि वाफेचं पाणी ऑइलमध्येच राहतं. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट लोण्यासारखा थर तोच. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत तो हमखास दिसतो. म्हणूनच गाडीचा संगणक दाखवतो त्या बिघाडांच्या कोडांत पी ०१२८ हा कोड आहे: पाणी अपेक्षित तापमानाला पोचत नाही. तरीही ‘आपल्या हवेत व्हॉल्व कशाला?’ हा सल्ला आजही ऐकू येतो, आणि तो ऐकून लोक चांगल्या इंजिनाची झीज ओढवून घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काही नव्या गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा विझला की इंजिन पुरेसं तापलं असं समजायचं. तुमच्या गाडीचा दिवा विझायला फार वेळ लागत असेल, तर सकाळी थंड गाडी सुरू करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरचा वरचा पाइप बाहेरून चाचपून पाहा. झडप ठीक असेल तर बराच वेळ तो जवळपास गारच राहतो आणि मग पटकन चटका बसेल इतका तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप बहुधा उघडी अडकली आहे, किंवा कुणीतरी ती केव्हाच काढून टाकली आहे.