गोठ्यातील अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन (नागपूर जिल्हा)

गव्हाणीत टाकलेल्या वैरणीतले आणि ढेपेतले (तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीतले) नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) दुधात किती उतरते, शेण-मुतात किती जाते आणि त्यातले शेतापर्यंत किती पोचते, याचा मेळ घालण्याच्या पद्धतीला गोठ्यातील अन्नद्रव्यांचे व्यवस्थापन म्हणतात. जनावराचा आहार हा एका खात्याचा विषय आणि शेणखत दुसऱ्याचा, अशी वाटणी आपल्याकडे रूढ झाली आहे. हिशेबाची वही मात्र एकच असते.

४०० किलो वजनाची, रोज १० लिटर दूध देणारी संकरित गाय दिवसाला सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरणारा आहार) खाते. त्यात १३ टक्के प्रथिने धरली तर १,५६० ग्रॅम होतात. प्रथिनांना ६.२५ ने भागले की नत्र निघते, म्हणजे जवळपास २५० ग्रॅम. लिटरभर दुधात साधारण ५ ग्रॅम नत्र असते, तेव्हा दुधावाटे गेले ५० ग्रॅम. उरलेले २०० ग्रॅम शेण-मुतातून बाहेर पडते. दूध कमी झाले म्हणून कोणी आणखी दोन किलो सरकी ढेप भिजवून घातली, तर तिच्यातून सुमारे ७० ग्रॅम नत्र वाढते. पण कोटीपोटातल्या (जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंना तेवढी ऊर्जा मका, ज्वारी किंवा हिरव्या चाऱ्यातून मिळत नसेल, तर त्या नत्राचा अमोनिया होतो, यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो मुतावाटे निघून जातो. ढेपेचे पैसे तर गेलेच, शिवाय युरिया बनवण्यात गाईची ऊर्जाही खर्ची पडली.

नागपूरकडे ही चूक सहज घडते, कारण कापसाच्या या मुलखात सरकी ढेप हाताशी असते. तिच्या जोडीला तुरीची चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा), सोयाबीन-हरभऱ्याचे कुटार (मळणीनंतरचा भुसा), काटोल-सावनेरकडे कडबा आणि रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यात तणीस (भाताचा पेंढा). ओलसर गोदामात ढेपेला बुरशी लागली की तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधातही उतरते, ही वेगळी काळजी. उलट टोकाला गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस नुसत्या तणसावर बांधलेली दिसते. तिथे प्रथिने जास्त नसून कमीच पडतात. १०० किलो वाळल्या तणसावर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायचे, ही जुनी प्रक्रिया अशा गोठ्यांसाठीच आहे. सहा महिन्यांखालच्या वासरांना मात्र हे तणीस द्यायचे नाही. स्फुरदाचे गणितही असेच विषम आहे. कोंडा, चुनी आणि ढेपेत ते भरपूर असते, तणसात व कुटारात तुटपुंजे. म्हणून खनिज मिश्रण डोळे मिटून वाढवण्यापेक्षा खुराक काय आहे ते आधी पाहावे.

खरी गळती गोठ्याच्या मागच्या नालीत होते. शेणातले नत्र बहुतेक सेंद्रिय, हळूहळू सुटणारे असते. मुतातला युरिया शेणातल्या युरिएज विकराच्या संपर्कात आला की काही तासांत त्याचा अमोनिया होऊ लागतो. पहाटे बंद गोठ्याचे दार उघडताच डोळ्यांना झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेले खतच. पालाशही मुख्यतः मुतातच असते. शेण उचलून जपायचे आणि मूत वाहू द्यायचे, या सवयीत निम्म्याहून अधिक पालाश नालीत जाते. फरशीला किंचित उतार, टाके किंवा मूत शोषणारे कुटार-गवताचे अंथरूण एवढ्याने बरेच वाचते.

पुढचे नुकसान उन्हाळ्यात होते. खताच्या बंड्या (बैलगाड्या) एप्रिल-मेमध्ये शेतात रित्या होतात आणि छोटे छोटे ढीग पाऊस येईपर्यंत तसेच पडून राहतात. नागपूरचा मे ४५ अंशांपर्यंत तापतो. अशा उन्हात आठवडेच्या आठवडे वाळलेल्या ढिगात नत्राचा मोठा वाटा उरत नाही. पसरून लगेच मातीआड केलेले खत बरे, नाहीतर खड्डा झाकलेला बरा. विदर्भातच, पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी, म्हणजे जाळीदार विटांची १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच हौदी, थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवते. गोबरगॅस संयंत्रात जळतो तो मिथेन. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच (बाहेर पडणाऱ्या पातळ शेणकाल्यातच) राहतात. ती उन्हात पसरून वाळवली तर मात्र अमोनिया तिथूनही उडतो.

शहरातल्या गोठ्यांचा प्रश्न वेगळा आहे. ढेप आणि चारा गावाकडून ट्रकने येतो, पण शेण परत जात नाही. ते धुवून गडर लाइनमध्ये सोडले की वाट नाग नदी, कन्हान, वैनगंगा अशी गोसीखुर्द धरणापर्यंत जाते. स्फुरद आणि नत्र पाण्यात साचले की जलपर्णी फोफावते. त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, पण गोठेही अलिप्त नाहीत.

चांगल्या शेणखताच्या एका टनात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ५ किलो पालाश धरतात. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतक्या नत्रासाठी सुमारे चार टन खत लागते, आणि तेही पहिल्या वर्षी पुरते लागू होत नाही. तरी काटोल-नरखेडचे संत्रा बागायतदार झाडामागे ४०-५० किलोच्या हिशेबाने ते विकत घेतातच, कारण काळ्या मातीचा पोत गोणीने सुधारत नाही. भाव ट्रॉलीवर ठरतो, आतल्या नत्रावर नाही. म्हणून जाणता गिऱ्हाईक ट्रॉलीत हात घालतो. खत काळपट, भुरभुरीत आणि मातीच्या वासाचे असेल तर ते कुजलेले. मुठीत तंतू लागले, पांढरी हुमणी वळवळली, तर ट्रॉली परत.