वीकची दोन जुनी चर्च: लाकडी हॉपरस्टा आणि दगडी होवे

नॉर्वेत सोग्नेफ्योर्ड या लांबलचक खाडीच्या काठी वीक नावाचं गाव आहे. तिथलं ‘ते जुनं चर्च’ शोधायला निघालात, तर घोळ ठरलेलाच. जुनी चर्च दोन आहेत, आणि नावं दोन्ही ‘ह’वरून. काळंकुट्ट, छपरावर छप्पर चढवलेलं, टोकांना ड्रॅगनची तोंडं असलेलं ते हॉपरस्टा. आखूड-जाड भिंतींचं दगडी ते होवे.

लाकडी आधीचं, दगडी बरंच नंतरचं, असं आपण मनाशी धरून चालतो. पण हॉपरस्टा साधारण 1130 चं आणि होवे 1170 च्या आसपासचं. फार तर एका-दोन पिढ्यांचं अंतर.

हॉपरस्टा हे ‘स्टाव्ह’ चर्च. स्टाव्ह म्हणजे उभा खांब. नॉर्वेतलं प्रत्येक लाकडी चर्च या जातीचं नसतं. नंतरच्या अनेकांत ओंडके आडवे रचून कोपऱ्यांत खाचा पाडून अडकवलेले असतात. बाहेरून फळ्या ठोकल्या असतील तर काही कळत नाही, आत जाऊन खांब बघावे लागतात. स्टाव्ह चर्चच्या भिंतीत फळ्या उभ्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत. अशी मध्ययुगीन चर्च नॉर्वेत आता 28 उरली आहेत.

ही टिकली कशी? आधी खांब जमिनीत गाडत, ते बुडातून कुजत. मग ते आडव्या तुळयांवर उभे राहिले आणि तुळया दगडांवर. आपल्या वाड्यात खांबाखाली तळखडा असतो, तेच काम. वरून पाइनच्या डांबराचे हात. म्हणजे लाकडी चर्च तगलं त्यात दगडाचाही वाटा आहे.

होवेची भिंत आतबाहेर दगडाची, मधे चुन्यात भरलेला चुरा. बाहेरून रुक्षच वाटते. हॉपरस्टात मात्र एका बाजूच्या वेदीवर लाकडी छत्री आहे, आतून रंगवलेली: बाळ येशूच्या गोष्टी. मान वर करून बघत राहावं अशी.

आज दिसणारं हॉपरस्टाचं बाहेरचं रूप बरंचसं 1880 च्या दशकातलं, वास्तुविशारद पीटर ब्लिक्सनं बोर्गुंड इथल्या दुसऱ्या एका स्टाव्ह चर्चवरून बेतलेलं. होवेची डागडुजीही त्याचीच. 1901 मध्ये तो गेला, आणि त्याला चिरविश्रांती मिळाली ती लाकडी हॉपरस्टात नाही, दगडी होवेत.