कावीळ उतरवायला नेण्याआधी पित्तनलिका तपासा

शेंगाचटणी, तेलाचा तवंग असलेली आमटी असं जेवण झाल्यावर पोटात वर, उजव्या बाजूला कळ आली की सोलापुरात घरोघरी निदान ठरलेलं असतं: पित्त झालंय. गोळी घेतली जाते, कळ थांबते. काही दिवसांनी डोळे पिवळे दिसू लागले की कावीळ उतरवणाऱ्याकडे जायची धावपळ. ही कावीळ कशामुळे झाली, हे मात्र तिथे तपासलं जात नाही.

पोटात तेलतूप गेलं की पित्ताशय आकसतं. त्या वेळी आतला एखादा खडा सटकून पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिकेत अडकू शकतो. ही नलिका साधारण ६ मिलिमीटर रुंदीची. ती तुंबली की पित्त रक्तात मिसळतं, लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते. रक्तात बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याबरोबर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतं. खडा नुकताच अडकला असेल तर एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइमही उसळी मारतं आणि ती विषाणूची कावीळ वाटते, म्हणून एकाच रिपोर्टवर भिस्त ठेवू नये.

सोनोग्राफी आधी करायची, हे बरोबरच आहे. पित्ताशयातले खडे ती उत्तम दाखवते. पण नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या हवेआड दडतं आणि खडा बऱ्याचदा तिथेच असतो. तेव्हा 'नलिकेत खडा दिसला नाही' या ओळीवर निर्धास्त होऊ नका. नलिका फुगली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

शंका उरली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, करतात. त्यात क्ष-किरण नसतात, सुई टोचून औषधही सहसा द्यावं लागत नाही. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे मात्र त्यात निसटू शकतात. ते तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीच्या सोनोग्राफीत जास्त नेमके सापडतात.

ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचून, खडा काढता येतो, पण त्यानंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून निव्वळ शोधासाठी ती आता सहसा करत नाहीत. खडा आहे याची जवळपास खात्री झाली की मगच.

कळ, कावीळ आणि थंडी वाजून ताप ही तिन्ही एकत्र आली तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची दाट शक्यता असते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी हे त्रिकूट १८७७ मध्ये नोंदवलं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच सिव्हिल गाठा.